वकिलाची किल्ली, मुंजाबाची मोटार

भोगीच्या दुपारी वैजनाथराव आपल्या आईला घेऊन शेंद्र्याला आले, तेव्हा केरबा आणि त्रिंबक या सख्ख्या भावांचं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते. बंद म्हणजे अगदीच बंद नव्हे. "माय, त्याला सांग, भाकर गार व्हतीय," असं केरबा म्हणायचा. त्रिंबक तिथंच हातभर अंतरावर बसलेला असायचा. "माय, त्याला सांग, ऐकलं म्या," म्हणायचा. मधे बसून कस्तुराबाईला फुकटचं पोस्टमनचं काम लागलं होतं.

भांडण मोटारीवरून होतं. केरबाला ती विकायची होती, त्रिंबकाला नव्हती, आणि मोटार मागच्या पत्र्याच्या शेडात चकाचक उभी होती. त्यांचा बाप मुंजाबा असता तर त्यानं दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून विषय मिटवला असता. पण मुंजाबा गेला आणि त्याचे धपाटेही गेले.

या मोटारीची कथा ऐकल्याशिवाय या घरात एकही सोयरीक जुळली नव्हती. निजामाच्या राज्यात एका नवाबानं ती अमेरिकेहून मागवली. पॅकार्ड. मोतिया रंगाची, बैलगाडीपेक्षा लांब, डोक्यावरचं छत घडी करून मागं टाकता येणारी, आणि स्टिअरिंग उलट्या अंगाला. मुंजाबा तेव्हा चड्डी सावरत बापामागं मेंढरं हाकायचा. चिकलठाण्याजवळ जालन्याच्या सडकेवर ती मोटार कळपात शिरली आणि कळपाचा म्होरक्या एडका चाकाखाली गेला. नवाबसाहेब मागच्या सीटवर झोपले होते, त्यांना कळलंही नाही. मुंजाबाच्या बापाला मात्र पुढचे दोन महिने मेंढरं ऐकेनात. म्होरक्या गेलेला कळप म्हणजे मालक मेलेलं घर.

पोलीस ॲक्शननंतर नवाबाचं खानदान हैदराबादला गेलं आणि मोटार शहरातल्या व्यंकटराव वकिलांकडे आली. फी म्हणून आली की भेट म्हणून, याबद्दल दोन मतं होती, आणि ज्याला जे आवडेल ते वकील त्याला सांगत. पुढं चिकलठाण्याची चराऊ रानं कारखान्यांत गेली. मुंजाबाची जमीनही गेली. तिची केस व्यंकटरावांनीच लढवली. तारखेला गेलं की मुंजाबा वकिलांच्या अंगणात बसून राही. तिथंच बकुळीखाली त्याला ती दिसली. टायर मातीत बसलेले, छत उंदरांनी खाल्लेलं, पुढच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसलेली. इतक्या वर्षांनीही त्यानं तिला बरोबर ओळखलं.

जमिनीचा मोबदला हातात पडला तेव्हा कुणी फटफटी घेतली, कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी तालुक्याला जाऊन गळ्यात सोन्याची साखळी घालून आला. मुंजाबानं मेलेली मोटार घेतली. कागद झाला नाही, दोघांच्या शब्दावर व्यवहार झाला. लोक पोट धरून हसले. "हिनं आमचा एडका नेला," मुंजाबा शांतपणे म्हणाला. "आता ही आमच्या वाड्यात बांधायची." दोन बैलजोड्या लावून तो तिला न्यायला गेला. निघताना वकिलांनी किल्ली पुढं केली, तर मुंजाबानं हात मागं घेतला. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, म्हणाला, आणि सोबत आणलेला दोर स्टिअरिंगला बांधला. वकिलांनी उपरण्यानं डोळे पुसले. ते का पुसले हे मुंजाबाला कळलं नाही. म्हातारपणी होतं असं, म्हणून त्यानं सोडून दिलं.

रानं गेली तशी हळूहळू मेंढरंही विकावी लागली. ज्या माणसानं उभा जन्म चालण्यात घालवला त्याला संध्याकाळ खायला उठते. मग मुंजाबा शेडात जाऊन स्टिअरिंगमागं बसू लागला. एक दिवस त्यानं बायकोलाही हाक मारली. "ये, बस."

कस्तुराबाई लाजली होती. लग्नात शेजारी बसली असेल तेवढीच. त्यानंतर रानोमाळ हिंडताना कळपापुढं तो, मधे मेंढरं, आणि बिऱ्हाड लादलेल्या घोड्यामागं ती. जन्मभर तिनं त्याची पाठ पाहिली. आता ती त्याच्या शेजारी बसू लागली. मोटार जागची हलत नव्हती, समोर पत्र्याची भिंत होती, आणि मुंजाबा म्हणायचा, "पिशोरचा घाट आला बघ." ती पदर घट्ट धरायची. पुढची सीट एकच सलग होती आणि त्याच्या बाजूच्या स्प्रिंगा मोडून तिथं चांगला खड्डा पडला होता. त्यामुळं दाराला कितीही चिकटून बसली तरी घसरत घसरत ती त्याच्या खांद्याला जाऊन टेकायची. "सरक की तिकडं," ती म्हणायची, जसा काही तोच आला होता. सरकायचं मात्र कुणीच नाही.

तो गेला आणि ती एकटीच शेडात जाऊन बसू लागली. घसरून खड्ड्याच्या काठाला अडायची आणि तिथंच थांबायची. धाकट्या त्रिंबकाच्या काळजाला ते लागलं. माय त्या मोडक्या सांगाड्यात बसती, तिला काय काय टोचत आसंल, असं त्याच्या मनानं घेतलं. तो वाळूजच्या स्कूटरच्या कारखान्यात होता. तिथला त्याचा दोस्त रामकिसन रंगखात्यात होता. सुट्ट्या आणि सणवार विसरून दोघं त्या मोटारीला भिडले. इंजीन उतरवलं, पत्रा ठोकला, भंगारातून किल्लीसकट दुसरं स्विच आणून बसवलं. रामकिसननं असा मोतिया रंग दिला की बोनेटमध्ये भांग पाडावा. सीट शहागंजात नव्या भरून आणल्या, लाल रेक्झिनच्या. मोटार पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा सगळी आळी गोळा झाली होती. त्रिंबकानं हात धरून आईला पुढच्या सीटवर बसवलं.

सीट सपाट होती. कस्तुराबाई दारापाशी बसली ती दारापाशीच राहिली.

"झ्याक झाली ना, माय?"

"झाली बाबा."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी तिथं बसत होती ती मुंजाबासाठी नव्हे. कंपनीची बस फाट्यावर त्रिंबकाला सोडायची आणि घरात शिरण्याआधी तो शेडात डोकावायचा. आई मोटारीत दिसली की त्याचा चेहरा फुलायचा. तो चेहरा फुलावा म्हणून ती बसायची. मुंजाबा तिथं उरला नव्हता. लोकांनी त्याला मसणात नेलं तेव्हा तिच्या लेखी तो अर्धाच गेला होता. उरलेला अर्धा त्या खड्ड्यात होता, तो पोरानं हौसेनं बुजवला. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. घरात पाच माणसं होती आणि ती एकटी होती.

आणि नेमकं हेच सांगितलं असतं तर भावांचं भांडण त्याच दिवशी मिटलं असतं. त्रिंबक एकाच खुंट्याला अडून बसला होता. माय रोज बसती, मोटार कशी इकायची? केरबाला या खुंट्यापुढं बोलता येत नव्हतं. एका वाक्यानं खुंटा उपटला असता, पण त्याबरोबर त्रिंबकही मुळासकट उपटला गेला असता. म्हणून कस्तुराबाई निरोप इकडून तिकडं पोचवत राहिली.

अशा घरात भोगीच्या दिवशी वैजनाथराव आले. वकिलांचा मुलगा, वाळूजला स्वतःचा कारखाना, पांढरे बूट, बोलणं मात्र नम्र. सोबत आई भानुमतीबाई, वकिलांच्या पत्नी. केरबाच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, बाजेवर घोंगडी अंथरली, तीळ लावलेल्या भाकरी आणि भोगीची भाजी पुढं केली. बाहेर सडकेवरून निळे झेंडे लावलेले ट्रक शहराकडे चालले होते. उद्या संक्रांत, आणि उद्याच विद्यापीठाला नवं नाव लागणार होतं. जालन्याकडची, परभणीकडची माणसं बायकापोरांसह आजच निघाली होती. त्यांच्या घोषणा घरात ऐकू यायच्या आणि तेवढ्यापुरतं बोलणं थांबायचं.

वैजनाथरावांनी आधी हवापाण्याचं काढलं, मग वडिलांचं. व्यंकटराव जाऊन वर्ष होत आलं होतं. मग त्यांनी खिशातून एक जुनी पितळी किल्ली काढून बाजेवर ठेवली.

"मुंजाबांनी ही घेतली नव्हती," ते म्हणाले. "बाबा शेवटपर्यंत सांगायचे, मुंजाबा मनाचा मोठा. त्याला माहीत होतं माझा जीव अडकलाय. मोटार आपलीच आहे, नुसती त्याच्याकडे बांधून ठेवलीय. मी फुकट मागत नाही, केरबा. पण आमची वस्तू आम्हाला परत द्या."

मग केरबा हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

"वैजनाथराव, जनावर इकलं तरी दावं इकीत नसत्यात," तो म्हणाला. "दावं इकणाराच्याच घरी ऱ्हातं. त्याच्या गोठ्याची बरकत जाऊ नाय म्हणून. घेणारानं आपला दोर आणायचा आस्तो. आमच्या बानं तुमच्या घरची बरकत तुमच्या घरी ठिवली. आन् तुमी म्हणता, मोटार ठिवली?"

"बरुबर बोलला दादा," त्रिंबक म्हणाला.

कस्तुराबाईनं दोघांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत तिच्याशिवाय पोचलं होतं.

वैजनाथरावांनी किल्ली उचलून तळहातावर घेतली. त्यांचे वडील मरेपर्यंत रोज संध्याकाळी ती पुसायचे, कुणी आलं की दाखवायचे. दहा वर्षं एक माणूस दुसऱ्याच्या चांगुलपणावर खूश होता, आणि चांगुलपणा खराच होता, फक्त भलताच समजला होता. भानुमतीबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

पण वैजनाथराव माणूस सरळ होता. चूक झाली म्हणाले. मग परत द्या म्हणत नाही, विकत द्या म्हणतो. केरबानं लगेच मान डोलावली आणि भावांची युती तिथंच मोडली. त्रिंबक उठून उभा राहिला. माय बसती तोवर मोटार हलणार नाही, आणि उद्या तर मुळीच नाही. उद्या रामकिसनच्या वस्तीतली माणसं बाबासाहेबांचा फोटो याच मोटारीत ठेवून विद्यापीठाच्या गेटपर्यंत नेणार होती. तसा शब्द त्यानं दिला होता.

हे केरबाला माहीत नव्हतं. त्याचं म्हणणं पडलं की नाव बदलायला त्याची काही ना नाही, सरकारनं खुशाल बदलावं. पण आपली मोटार कशाला सगळ्यांपुढं? गावात रोजचं उठणं-बसणं आहे, निवडणूक तोंडावर आहे. वैजनाथरावांनीही खाकरून केरबाची बाजू घेतली. गर्दीत रंगाला ओरखडा गेला तर, असं काहीतरी ते म्हणाले. त्यांच्या वडिलांचा नामांतराला विरोध होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेवढं त्यांनी म्हणायचं टाळलं.

"रंग रामकिसननं दिलाय," त्रिंबक म्हणाला. "नामांतराच्या दंगलीत त्याच्या बापाचं घर पेटलं, तवा ह्या सडकेवरून ते चालत शहरात गेले. कुणी गाडी थांबिवली नाय. आपण बी घरातच व्हतो, दादा."

त्या पावसाळ्यात केरबा अठरा-वीसचा होता, दाराआडून त्यानं ती माणसं जाताना पाहिली होती. मग तो एकदम आवाज चढवून वाटण्यांचं बोलू लागला. मोटार अर्धी माझी, घर अर्धं माझं, घाला मधे भिंत. वाटणीचा शब्द या घरात पहिल्यांदाच निघाला. कस्तुराबाई उठून मागच्या दारानं शेडात गेली आणि मोटारीत जाऊन बसली.

तिच्यामागोमाग भानुमतीबाईही आल्या. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, परवानगी विचारली आणि दार उघडून मागच्या सीटवर बसल्या.

"फुडं या की, वकीलीणबाई. जागा हाय."

"माझी जागा इथंच होती," भानुमतीबाई म्हणाल्या. "पुढे ड्रायव्हर आणि हे. मी मागे, छत लावून, उन्हाळ्यातसुद्धा. उघडी मोटार घेतली, पण आम्हाला वारा म्हणून लागला नाही कधी." त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यांच्या सिगारेटनं इथे जळालेलं होतं. मी त्या भोकात बोट घालून बसायची. बोलायला कुणी नसायचं ना. ते बुजवलं वाटतं."

"समदंच बुजिवलं," कस्तुराबाई म्हणाली.

भानुमतीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"आता घरी आली तर मला रोज हिच्यात बसावं लागेल," भानुमतीबाई हळूच म्हणाल्या. "वैजनाथ किती हौसेनं आलाय. त्याला वाटतं, मी यांच्या आठवणीनं झुरते. मला तर ही ओळखूही आली नाही. पण त्याला सांगू नका हं."

"मग बसणार?"

"बसेन. सांगायचं कसं?"

कस्तुराबाईला एकदम आपलंच बोलणं परक्या तोंडून ऐकल्यासारखं झालं, आणि ते तिला आवडलं नाही. आपण दोघी म्हाताऱ्या दोन घरांत अशाच बसून मरणार, आणि पोरं बाहेर उभी राहून म्हणणार, आई किती सुखात आहे. घरातून केरबाचा आवाज येत होता. भिंत कुठून घालायची इथपर्यंत तो पोचला होता.

ती आत गेली आणि दारातच उभी राहून बोलली. उद्या मोटार रामकिसनसंगं जाईल. त्रिंबकानं शब्द दिलाय आणि मुंजाबाच्या पोराचा शब्द खाली पडणार नाही. परवा वैजनाथराव ती घेऊन जातील. केरबा गावाचं नाव काढू लागला, तर गावाला मी सांगते म्हणाली. वैजनाथराव ओरखड्याचं बोलणार होते, पण भानुमतीबाई त्यांच्याआधी बोलल्या. "परवा न्यायची, वैजनाथ. ओरखड्यासकट."

वाटण्यांचा शब्द जसा निघाला तसा विरला. केरबानं सगळ्यांसाठी चहा करायला सांगितला. वैजनाथरावांनी सहज नव्या स्विचची किल्ली मागितली, तर केरबा चेहरा गंभीर ठेवून म्हणाला, "दावं आमच्याकडं ऱ्हाईल." वैजनाथराव क्षणभर गोंधळले आणि मग खदखदून हसले. सुगंधाबाईही पदर तोंडाला लावून हसली. त्रिंबक हसला नाही. तो आईकडे बघत होता.

पाहुणे गेल्यावर, दिवेलागणीला ती शेडात गेली. सवयीनं दारापाशी बसली. त्रिंबक आला आणि बोनेटजवळ उभा राहिला.

"तू का व्हय म्हणालीस, माय? आमचं भांडण मिटावं म्हणून?"

व्हय म्हटलं असतं तर सुटली असती. तसं तोंडावर आलंही होतं. भांडण मिटावं म्हणून आईनं मोटार सोडली, असं त्रिंबक जन्मभर लोकांना सांगत फिरला असता, आणि तीही मान डोलावत राहिली असती.

"नाय," ती म्हणाली. "तुझा बा हितं नाय आता. सीट नवी केली तवाच गेला. त्या खड्ड्यात मी घसरत व्हते त्याच्याकडं, तेवढंच व्हतं आमचं. मी बसत व्हते ते तुझ्यासाठी."

सडकेवरून आणखी एक ट्रक घोषणा देत गेला.

"मी तर तुझ्यासाठीच केली," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला टोचत आसंल."

"टोचायचं की."

"मग सांगितलं का नाय?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं. त्रिंबक फिरून पलीकडच्या बाजूला आला. दार उघडून त्यानं स्टिअरिंगमागच्या सीटवर गुडघा टेकवला, दोन्ही तळहात ठेवले आणि सगळा भार टाकून गादी खाली दाबली. मायकडची बाजू जराशी कलली आणि ती बोटभर त्याच्याकडे सरकली. त्यानं हात काढले, तशी गादी वर आली.

"ऱ्हाऊ दे, बाळा," कस्तुराबाई म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. त्यानं परत दाबलं, आणि गादी परत वर आली.